कॅमेऱ्यात पाहणारी बाई

दार वाजलं की कांतामावशी आधी चष्मा पुसायच्या. मग दार उघडायच्या.

दूधवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर समोरच्या घरातून वाटी परत करायला आलेली मी असो. आतून पावलं ऐकू यायची, दारापाशी येऊन थांबायची, आणि मग काहीच व्हायचं नाही. पदराच्या टोकानं काचा पुसणं चाललेलं असायचं. एक काच, दुसरी काच, मग उजेडाकडे धरून बघणं. नवखा माणूस पुन्हा कडी वाजवायचा. "हव, हव," असं आतून यायचं. ओळखीचा माणूस गुपचूप उभा राहायचा.

दार उघडलं की त्या आपल्या तोंडाकडे पाहायच्या. रोखून नव्हे, चौकशीनंही नव्हे. आपण यायचे होतो आणि आलो ते बरं झालं, असं काहीतरी त्या पाहण्यात होतं. कशाला आलो ते घटकाभर विसरायला व्हायचं.

"दारात माणूस उभा अन् त्याचे डोळे धुरकट दिसून राहिले, तं त्याच्याशी बोलावं कसं?" त्या म्हणायच्या.

रायपूरला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतलं एक त्यांचं. हिरालालकाका रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून दोघं इथे स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला आली. मुलगा यशदीप पुण्याला. अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, एक झाड, भिंतीला टेकवलेली काकांची सायकल. मावशी गल्लीत सगळ्यांशी बोलायच्या, मराठीत. समोरचा हिंदीत उत्तर द्यायचा, कोणी छत्तीसगढीत. कोणाचंच अडायचं नाही.

पाहायला त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. मूळ गाव तुमसरकडचं. वडील तरुणपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि पुढे भिलाईच्या कारखान्यात लागले. त्यांचं स्वतःचं लहानपण मान खाली घालून चालण्यात गेलं होतं. मुलींचं तसं जाऊ नये म्हणून त्यांनी एक खेळ काढला. दिवे लागायच्या वेळेला ओट्यावर तिघी बहिणींना ओळीनं बसवायचे, स्वतः समोर बसायचे आणि एकेकीच्या डोळ्यांत पाहायचे.

"हसली तं चालते," मावशी सांगायच्या. "पण खाली पाह्यलं तं बादली घे अन् पाणी भराले जाय. माह्या दोघी बहिणी लय पाणी भरत. मी नाही भरलं."

या खेळानं त्यांचं पुढे एका बाबतीत फार नुकसान केलं. ते म्हणजे सिनेमात.

भैय्यालाल पुरानी बस्तीत मंडपवाला. खुर्च्या, शामियाने, मोठी भांडी भाड्यानं द्यायचा. रायपूरच्या आसपास छत्तीसगढी सिनेमांचं शूटिंग चालतं, तिथंही त्याच्या खुर्च्या जायच्या. मग सिनेमावाले म्हणू लागले, खुर्च्यांवर बसायला माणसंही आण. तेव्हापासून तो माणसंही आणायचा. लग्नाच्या सीनमधल्या बायका, जत्रेतली गर्दी, पंचायतीपुढे बसलेले म्हातारे. आमच्या पाऱ्यात पहिल्यांदा आला तेव्हा कोणी बाई निघेना. कांतामावशी म्हणाल्या, "चाला वं, पाहू तं काय असते." आणि सगळ्या निघाल्या.

त्या पहिल्या सिनेमाला आख्खी गल्ली थेटरात गेली होती. लग्नाचा सीन आला. गल्लीतली विमला दिसली, क्षमा दिसली, विमलाची सून दोनदा दिसली. मावशी मात्र कुठेच नाहीत. मांडवाच्या खांबाआडून त्यांचा हिरवा पदर तेवढा वाऱ्यानं हलताना दिसला.

"तुह्या पदरानं बाकी भारी ॲक्टिंग केली," परत येताना काका म्हणाले.

झालं असं होतं की मावशी प्रत्येक वेळी सरळ कॅमेऱ्यात पाहायच्या. ते सिनेमात चालत नाही. गर्दीनं गर्दीसारखं वागायचं असतं, कोणी आपल्याकडे बघतंय हे तिला कळलंय असं दिसता कामा नये. मावशींची नजर कॅमेऱ्याला भिडली की तेवढा तुकडा कापून टाकत. जत्रेतून त्या कापल्या गेल्या, विहिरीवरून कापल्या गेल्या, पंचायतीतून तर त्यांच्यापायी सरपंचाचं अर्धं भाषणच गेलं.

"दीदी, कैमरा डहर झन देखबे," भैय्यालाल दर वेळी हात जोडून सांगायचा. कॅमेऱ्याकडे बघू नका, एवढंच त्याचं म्हणणं.

"हव," मावशी म्हणायच्या.

छत्तीसगढीत हव म्हणजे हो. मावशींच्या तोंडी हव म्हणजे ऐकलं, एवढाच अर्थ होता.

"अवं, पण पाह्यताच काहून तिकडं?" एकदा माझ्या आईनं विचारलं.

"त्याच्या मांगं माणूस असते ना उभा. तो माह्याकडे पाहून राहिला, अन् मी दुसरीकडं पाहू? चोरी केली का म्या?"

तरीही भैय्यालाल त्यांना बोलवत राहिला. कारण मावशी निघाल्या तरच बाकीच्या बायका निघत.

मग त्यांच्या डोळ्यांचं कळलं. आधी उंबऱ्याला ठेच, मग दाराच्या चौकटीला खांदा, मग ताटाबाहेर वाढलेली भाजी. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घालत राहायचं. कडेकडेचं दिसेनासं झालं होतं, मधलं तेवढं शाबूत होतं.

"सुती लुगडं पाण्यात टाकलं की कसं आटते," त्या म्हणाल्या, "तसं आटून राहिलं पाह्यणं. चहूकडून."

त्या दिवशी आम्ही अंगणात लाल भाजी निवडत बसलो होतो. देठ एकीकडे, पानं एकीकडे. मधेच त्या म्हणाल्या, "पुरतं आटाच्या आधी मले एकदा पाह्याचं हाय. पिक्चरमध्ये."

"स्वतःला?"

"हव. आरशात नाही. आरशात तं मी माह्याकडेच पाह्यतो. मी लोकायकडे पाह्यतो तवा लोकायले काय दिसते, ते मले कधी दिसलं नाही."

मी मोबाइल काढला. त्यांची नात पिंकी पुण्याहून सुट्टीत आली की असे व्हिडिओ काढायची. मावशींनी हातानंच नको म्हटलं.

"मोबाइल म्हंजे आरसाच. मोठ्या पडद्यावर पाहिजे. चारचौघात."

काका मुनग्याखाली सायकलची चेन पुसत होते. तिथूनच म्हणाले, "मंग कॅमेऱ्याकडे पाहू नोको. मंग येशीन पडद्यावर."

"न पाह्यता आली तं काय पाहू? दुसरीच बाई दिसन ते."

काकांनी चेन फिरवून पाहिली.

असे महिने गेले आणि भैय्यालाल एक वेगळंच काम घेऊन आला. शंकर नगरचा अभिनव नावाचा मुलगा पहिला सिनेमा करत होता. घर मराठी, मराठी सगळं समजायचं, पण बोलायचा हिंदीत. त्याच्या सिनेमाची गोष्ट अशी की एका खेड्यात सिनेमावाले शूटिंग करायला येतात, आणि मग त्या गावाचं काय होतं.

"म्हंजे पिक्चरमध्ये पिक्चर काढतेत," मावशींनी काकांना समजावलं.

"मालगाडीवर मालगाडी लादून नेतेत, तसं," काका म्हणाले. वॅगनच्या कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला ते लगेच समजलं.

पण मावशींना समजलं ते वेगळंच होतं. या सिनेमात गावच्या बायका शूटिंग बघायला जमतात. म्हणजे त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहायचंच होतं.

अभनपूरच्या पुढे एका गावात आम्ही सगळे टेम्पोतून गेलो. काका आणि मी थेंबांची बाटली घेऊन सोबत. गावच्या चौकात लाकडी तिकाटण्यावर एक भलामोठा कॅमेरा उभा होता, मागे काळं कापड लोंबत होतं. पुरानी बस्तीतल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून आणलेलं ते खोकं. आत काही नव्हतं. सिनेमातल्या सिनेमावाल्यांचा तो कॅमेरा. खरा कॅमेरा छोटासा होता आणि तो समोरच्या घराच्या माळ्यावर एक तरुण मुलगा घेऊन उभा होता.

अभिनवनं बायकांना समजावलं, "आज आप सबको कैमरे में देखना है. ये बड़े वाले में. ठीक है?"

सगळ्या "हव" म्हणाल्या. शॉट सुरू झाला. आणि एकही बाई कॅमेऱ्याकडे पाहीना. विमला पायांच्या बोटांकडे पाहू लागली, क्षमा आभाळाकडे. इतकी वर्षं भैय्यालालनं पढवलेलं अंगात मुरलं होतं. कॅमेरा म्हटला की मान आपोआप वळायची.

एकट्या कांतामावशी कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. पण वर. माळ्यावरच्या.

"कट! काकी, उधर नहीं. इधर."

"हव."

पुन्हा तेच. त्याच्यानंतर पुन्हा तेच. ऊन वर चढू लागलं तसा अभिनव उजेडाकडे आणि भैय्यालालकडे आळीपाळीनं बघू लागला. शेवटी भैय्यालाल मावशींपाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दीदी, आप थोड़ा छाया में बैठ जाओ न. थक गए होगे."

छाया म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. छायेत बसलेला माणूस सिनेमात नसतो. मावशींनाही माहीत होतं. मला वाटलं आता त्या येऊन माझ्याजवळ बसतील आणि हे कायमचं संपेल. कारण पुढच्या सिनेमापर्यंत किती दिसेल, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

त्या छायेकडे आल्या नाहीत. चाचपत चौकाच्या मधोमध गेल्या, त्या खोक्याचं काळं कापड उचललं आणि आत डोकं घातलं.

"अंदर तं कोणीच नाही!" आतून आवाज आला.

"काकी, डिब्बा है," अभिनव कपाळाला हात लावून म्हणाला. "नकली है वो."

"मंग मी डब्याकडे काहून पाहू, बाबू?" मावशी बाहेर आल्या. "वर तो पोट्टा पाहून राहिला माह्याकडे. जो पाह्यते त्याच्याकडे पाह्याचं. याच्या मांगं माणूस बसव, मंग मी पाह्यतो."

"पर कपड़े के अंदर वो दिखेगा थोड़ी आपको."

"मले दिसाची गरज नाही. हाय एवढं ठाऊक पाहिजे."

अभिनव हसला. वैतागून हसतो तसा आधी, मग खरंच. आत बसवायला मोकळं कोण आहे म्हणून त्यानं इकडे तिकडे पाहिलं. सगळे कामात होते. हिरालालकाका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून फुटाणे खात होते.

"काका, आप आओ."

"मले नाही येत ॲक्टिंग."

"ॲक्टिंग नहीं करनी. अंदर घुसना है और काकी को देखना है बस."

"ते तं जन्मभर करून राहिलो," काका म्हणाले, उरलेले फुटाणे खिशात टाकले आणि कापडाखाली शिरले.

कापडाला पाठीचा फुगवटा आला. खाली काकांच्या चपला दिसत होत्या. मावशी जागेवर गेल्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, उजेडाकडे धरून बघितला, डोळ्यांवर चढवला आणि खोक्याकडे पाहिलं. अभिनवनं कट म्हटलं नाही. तेवढ्यात कापडाखालून काकांचा आवाज आला, "कांता, थेंब घातले का वं?"

मावशींच्या तोंडावर काय उमटलं ते मला दिसलं नाही, मी त्यांच्या पाठीशी उभी होते. एवढंच दिसलं की विमलानं मावशींकडे पाहिलं, मग खोक्याकडे. मग क्षमानं. मग एकेक करत सगळ्या बायकांच्या माना त्या खोक्याकडे वळल्या. आत आता कोणीतरी होतं.

सिनेमा मात्र लवकर आला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मावशी अभिनवला फोन करायच्या. "बस काकी, हो रहा है," तो म्हणायचा. तुमचा तेवढा तुकडा मोबाइलवर पाठवतो, असंही एकदा म्हणाला. मावशींनी नको सांगितलं. चारचौघात म्हणजे चारचौघात.

"मालगाडी सिग्नलवर उभी हाय," काका म्हणायचे. "येईन, पण तिच्या टायमानं."

तेवढ्यात मावशींची नजर आणखी आटली. भिंतीला हात लावून चालायच्या. दारात उभ्या माणसाचं एका वेळी नाक दिसायचं, नाहीतर एक डोळा. तरी चष्मा पुसणं सुटलं नाही.

आणि सिनेमा लागला. तिकिटं काकांनी काढली, अगदी पुढच्या रांगेची. ज्याला कमी दिसतं त्याला शाळेत पुढेच बसवतात, असा त्यांचा हिशेब. आम्हालाही तो बरोबर वाटला. सगळी गल्ली आली होती. चौक दिसला, खोकं दिसलं, आणि मग मावशींचा चेहरा पडदाभर झाला. "दीदी!" म्हणून भैय्यालाल मागून ओरडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टी मारली. या वेळी कापलं नव्हतं. मी वळून मावशींकडे पाहिलं. त्या मान इकडे तिकडे फिरवत होत्या, गर्दीत कोणाला शोधावं तशा.

बाहेर आल्यावर त्यांनी काकांचा हात धरला. "आल्ती का मी?"

काकांनी एकदम विचारलं, "तुले काय दिसलं?"

"एक कान दिसला. सुपाएवढा. माह्याच व्हता का तो?"

सगळे हसले, मावशीही हसल्या. काका हसले नाहीत. रिक्षात सबंध रस्ता ते बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणातून आवाज येत होते म्हणून मी फाटकाशी गेले. मावशी दारात खुर्चीवर बसल्या होत्या आणि काका त्यांच्यासमोर उभे राहून एकेक पाऊल मागे जात होते.

"आता?"

"नाक दिसते."

"आता?"

"नाक अन् मिशी."

काका मुनग्यापर्यंत गेले, मुनग्याच्याही मागे, कंपाउंडच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. तिथे थांबले.

"आता?"

"हव," मावशी म्हणाल्या. "आता पुरे दिसले."

काकांनी भिंतीपाशी उभ्याउभ्याच मला सांगितलं, "चाल वं पोट्टी. तिकिटं काढाची हायेत. सगळ्यात मांगची."

दुपारचा शो होता. थेटर जवळजवळ रिकामं. आम्ही शेवटच्या रांगेत, भिंतीला डोकं टेकून बसलो. डोक्यावरून उजेडाची पट्टी पडद्याकडे जात होती. काकांना आता क्रम पाठ होता. चौक आला तसे ते मावशींच्या कानाशी म्हणाले, "आता येते तू. पूस."

मावशींनी चष्मा पुसला. पडद्यावरच्या मावशींनीही पुसला. दोघींनी तो बरोबरच डोळ्यांवर चढवला.

काकांचा कापडाखालचा प्रश्न सिनेमात नव्हता, त्याजागी लांबून मांदराचा ढोल वाजत होता. पण मावशींच्या तोंडावर तो प्रश्न होता. आधी चिडल्यासारखं काहीतरी. लोकांपुढे काय विचारता, असं. मग ते विरत गेलं, आणि डोळे तसेच राहिले, समोरच्या काळ्या कापडाला भिडलेले. आपण यायचे होतो आणि आलो ते बरं झालं, असे.

पडद्यावर दुसरं काही सुरू झालं तरी त्या हलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "अशी पाह्यतो मी तुमच्याकडे?"

"अशीच," काका म्हणाले. "आता समजलं, मी काहून भेतो?"

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की पुढच्या रांगेतल्या जोडप्यानं मागे वळून पाहिलं.

त्यानंतर त्यांच्या दारात एक नवी पद्धत सुरू झाली. चष्मा पुसून झाला, दार उघडलं, की त्या समोरच्याला म्हणायच्या, मांगं सरक. दूधवाला नालीपर्यंत मागे जायचा आणि दोन्ही हातांत कॅन धरून शहाण्यासारखा उभा राहायचा. मी आमच्या फाटकापर्यंत जायची. पुरतं पाहून झालं की हाक यायची, ये आता, काय आणलं वाटीत?

त्या गेल्या त्या थंडीत. काका भाजी घेऊन परतले तेव्हा त्या दारातल्या खुर्चीवर होत्या, चष्मा डोळ्यांवर, तोंड फाटकाकडे. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल.

भेटायला येणारे काकांना विचारायचे, शेवटी काही बोलल्या का? मोठं काहीतरी ऐकायच्या तयारीनं विचारायचे. काका सगळ्यांना तेच सांगायचे, आणि ते खरं होतं, कारण त्या सकाळी मी समोर आमच्या अंगणात होते. काका पिशवी घेऊन दारात उभे होते, काय काय आणायचं ते विचारत. मावशींनी काचा पुसल्या, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जरासे मांगं सरका. पुरे दिसून नाही राहिले तुमी."